आबांचं पातं, तात्यांचं पातं

कऱ्हाकाठ ऊस उत्पादक हवाई फवारणी सहकारी संस्था (मर्यादित) हिचा मी स्थापनेपासून सचिव आहे. संस्थेत जे घडलं ते इतिवृत्तात आहे. जे घडलं नाही ते अधिक सविस्तर आहे, कारण ते लिहायला मला भरपूर वेळ मिळाला. पुढची हकिकत मात्र इतिवृत्तात शोधू नये. ती खरी आहे.

सन १९९७ च्या पावसाळ्यात बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत उसावर पायरीला पडला. ही कीड पानाच्या मागल्या बाजूला बसून रस शोषते, पान आधी पिवळं पडतं आणि मग काजळी धरतं. दहा फूट उंच उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरणं माणसाच्या आवाक्यातलं नसतं, म्हणून संस्थेने फवारणीचं एक जुनं विमान घेतलं. ते पंख वेगळे करून, दोन ट्रकांत घालून, इंदापूरच्या हमरस्त्याने आलं आणि कन्हेरीच्या माळावर उतरवून घेण्यात आलं. सोबत एक लांब लाकडी खोकं होतं. त्यात जादाचा एक प्रॉपेलर निघाला. त्याची नोंद मी डेड स्टॉक रजिस्टरला ‘पंखा, मोठा, जुना, नग एक’ अशी घेतली आणि खोकं गोदामात टाकलं.

विमान जोडायला आणि सांभाळायला सोनबाला नेमलं होतं. सोनबा कन्हेरीचाच. वडील मेंढरं राखायचे. हा एकोणिसाव्या वर्षी हवाई दलात गेला, पंधरा वर्षं प्रॉपेलरच्या खात्यात राहिला, पुढं काही वर्षं वालचंदनगरला फिटर होता. बोलायचा कमी. समोर चेअरमन उभे असले तरी त्याची नजर पात्याच्या कडेवरून फिरत असायची. सहकारात अशी माणसं फार टिकत नाहीत, म्हणून मला त्याची सुरुवातीपासून काळजी वाटत होती.

संचालक मंडळ पाहणीला आलं. पुढं चेअरमन हिंदुराव आबा, त्यांच्या मागं आणि शक्य तितकं लांब व्हाइस चेअरमन गेणबा तात्या. आबांचा आणि तात्यांचा गट वेगळा. दोघं एकमेकांशी फक्त ठरावांतून बोलत.

“पंखा झ्याक हाय,” आबा म्हणाले.

“पंखा न्हवं आबा, प्रॉपेलर,” सोनबा म्हणाला.

“फिरतो का न्हाय?”

“फिरतो.”

“मंग पंखाच की.”

“पंखा जाग्यावर ऱ्हातो आन् वारं दुसऱ्याला देतो. ह्यो वारं मागं ढकलतो आन् त्याच्या जोरावर सवता फुडं जातो.”

मंडळाने माना डोलावल्या. दुसऱ्याला मागं ढकलून आपण पुढं जायचं, हे तत्त्व तिथं कोणालाच नवीन नव्हतं. त्यासाठी इंजिन लागतं, एवढीच माहिती नवीन होती.

मग सोनबाने पात्याचा पीळ दाखवला. बुडाला जास्त, टोकाला कमी, कारण टोक जास्त वेगाने पळतं. धावपट्टी मुरमाची, खडा उडून पात्याच्या कडेला लागला की टवका उडतो. तो त्याच दिवशी कानस लावून गुळगुळीत करायचा, नाहीतर तिथून चीर जाते आणि एके दिवशी हवेत पातं तुटतं. म्हणून तो रोज संध्याकाळी दोन्ही पात्यांच्या कडेवरून नख फिरवायचा. पात्याला हात लावू नये, पातं धरून विमान ढकलू नये, कंपनीचा आहे त्याखेरीज पात्यावर कसलाही रंग लावू नये, असा एक फलक त्याने शेडला लावला होता. फलकावर माझी सही होती. मी तो वाचला नव्हता.

इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. माळाखाली बिरोबाचं देऊळ आहे. त्याच्या सभामंडपात सात पंखे आहेत. सात पंख्यांची एकवीस पाती, त्यांतल्या एकोणीस पात्यांवर देणगीदारांची नावं आहेत, आणि उरलेली दोन पाती राखीव आहेत. पंखा दिला आणि नाव टाकलं नाही, तर तो दिलाच नाही असं आमच्याकडे धरतात. वारा काय, कोणाचाही लागतो.

तेव्हा सोनबा एका दाखल्यासाठी इंदापूरच्या तहसील कचेरीत गेला, म्हणजे तीन दिवस गेला, त्या काळात ठराव क्रमांक चौदा मंजूर झाला आणि बिरदेव पेंटरने विमानाच्या पंख्यावर नाव टाकलं. ‘मा. श्री. हिंदुराव (आबा) यांचे सौजन्याने.’ तांबडी अक्षरं, पिवळी कड, काळी सावली. काम सुबक होतं. सोनबा आला, त्याने ते बघितलं आणि खाली बसला.

“भाऊसाहेब, ह्ये कुणी केलं?”

“मंडळाने,” मी म्हणालो.

त्याने प्रॉपेलर उतरवला. शेडमध्ये दोन पोलादी सुऱ्या होत्या, धार वर करून, पाणसळ लावून समांतर बसवलेल्या. प्रॉपेलरच्या भोकातून दांडा घालून तो दांडा त्याने सुऱ्यांवर ठेवला. दोन्ही पाती समतोल असली तर प्रॉपेलर जिथं सोडाल तिथं थांबतो, एक जड असलं तर ते हळूहळू खाली येतं. आबांचं पातं खाली आलं. नेमके तेवढ्यात आबाही आले.

“मी खाली चाललोय?” आबा म्हणाले. “माझ्याच इमानात?”

“रंगाचं वजन हाय आबा. तोळाभर असंल. पर ह्यो मिन्टाला चोवीसशे फेरं घेतो. टोकाला तोळाभर जादा असलं तर दोन मणाची वढ बसती. आदी इंजिनाचं बोल्ट ढिलं व्हतील, मंग इंजिन. थिनर लावून पुसून घेतो.”

‘पुसून’ हा शब्द आबांबाबत आमच्या संस्थेत पूर्वी कोणी वापरला नव्हता. आबांच्या तोंडाकडे बघून मी घाईघाईने सुचवलं की एका पात्याचं वजन वाढलं असेल तर दुसऱ्याचंही वाढवावं, म्हणजे कोणाला काही पुसायला नको. या सूचनेचा मला अजून अभिमान आहे आणि पश्चात्तापही.

दुसरं पातं अर्थातच तात्यांना गेलं. परंतु तात्यांचा मजकूर आठ अक्षरांनी कमी भरला. तात्यांच्या गटाने ती उणीव ‘ऊसभूषण’ आणि आणखी एका पदवीने भरून काढली, तेव्हा ते दोन अक्षरांनी पुढं गेले. मग आबा ‘सहकारतपस्वी’ झाले. त्यावर तात्या ‘दीनदुबळ्यांचे कैवारी’ झाले. अखेर अक्षर समतोल उपसमिती नेमावी लागली. तिने चार बैठका घेऊन, काना-मात्रा वगळून, प्रत्येकी चौसष्ट अक्षरं मुक्रर केली. मजकूर बुडापासून निघून पात्याच्या टोकाला जाऊन टेकला. दोन्ही पाती समान असल्याचा दाखला समितीने दिला आणि मी त्यावर गोल शिक्का मारला.

सोनबाने प्रॉपेलर पुन्हा सुऱ्यांवर ठेवला. आबांचं पातं खाली आलं.

“अक्षरं सारखी हायती,” सोनबा म्हणाला, “रंग सारखा न्हाय. बिरदेवनं आबांना दोन हात मारल्यात, तात्यांना एक.” बिरदेव आबांच्या गटातला होता.

“पण समितीने समान ठरवलंय, सोनबा.”

“सुऱ्यास्नी म्हाईत न्हाय.”

त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. माहितीअभावी गैरसमज होऊ नये म्हणून मी ठरावाची एक प्रत सुऱ्यांच्या वरच भिंतीला डकवून घेतली. पातं तरीही खाली आलं.

आता विमान उडवणाऱ्याबद्दल. सिद्धू हा सोनबाचा सख्खा भाचा, त्याची बहीण साखरबाई हिचा एकुलता एक मुलगा. गुजरातेत कापसावर फवारणी करून आलेला, हसरा, चोवीस वर्षांचा. मंडळाने इंजिन चालू करून बघण्याचा हुकूम दिला तेव्हा सोनबाने त्याला दहा वेळा बजावलं, जमीन सोडायची नाही, अर्ध्या मिनिटात बंद करायचं. इंजिन सुरू झालं. माझी कचेरी तिथून चाळीस पावलांवर. माझ्या टेबलावरचा गोल शिक्का चालत चालत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. विमान चाळणीतल्या दाण्यांसारखं थरथरत होतं. सिद्धूने इंजिन बंद केलं आणि उतरला.

“मामा,” तो म्हणाला, “दात मोजून घेतो आदी.”

आबांचं लक्ष थरथरीकडे नव्हतं. ते पात्यांकडे बघत होते.

“नाव कुठं गेलं व्हतं?”

“फिरताना दिसत न्हाय आबा,” सोनबा म्हणाला. “सेकंदाला चाळीस फेरं हायत.”

“जरा सावकाश फिरव की.”

“सावकाश फिरलं तर इमान उडत न्हाय.”

“आन् उडल्यावर?”

“उडल्यावर तर न्हायच दिसत. फवारनी करून खाली आलं, बंद केलं, की दिसंल.”

आबा पुढं होऊन आपलं नाव पुन्हा वाचू लागले. त्यांच्या मागून, शक्य तितक्या लांबून, तात्याही आपलं नाव बघत होते. संस्थेच्या इतिहासात दोघांना एकाच गोष्टीचं दुःख प्रथमच झालं होतं.

तरीही उद्घाटनाची तारीख ठरली. चार हजार पत्रिका छापून गेल्या होत्या आणि पाहुणे मुंबईहून यायचे होते. उद्घाटनाला विमान उडवायचं, हे पत्रिकेत होतं. उडवण्यापूर्वी तपासणी वहीत ‘प्रॉपेलर तपासला, निर्दोष’ असं लिहून फिटरने सही करायची असते. सोनबाने वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली.

“ह्या पात्यांवर माझी सही व्हनार न्हाय.”

“सोनबा, निलंबन होईल.”

“व्हऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी साखरबाई आली. तिच्या हातात उसाचं एक पान होतं, मागून पुढून काळं पडलेलं, आणि त्यावर पायरीला जिवंत उड्या मारत होता. तिचा दोन एकर ऊस माळाच्या खालीच होता. तिने पान माझ्यापुढं ठेवलं. अर्ज समजून मी त्याला आवक क्रमांक दिला.

“मावशी, आता विमान उडेल. चार दिवस थांबा.”

“त्येच सांगाया आलेय,” ती म्हणाली. “सोनबा म्हनतोय ते इमान पोराला घिऊन पडंल. माझा ऊस जाऊ द्या. ऊस गेला तर फुडल्या साली लावीन. सिद्धू न्हाय पुन्ना लावता यायचा.”

ती गेल्यावर पान टेबलावर तसंच राहिलं. मला वाईट वाटलं, हे मी कबूल करतो. परंतु वाईट वाटण्यासाठी आमच्याकडे वेगळं रजिस्टर नाही, आणि पाहुण्यांच्या दौऱ्याचा कागद मात्र समोर होता. मी तपासणी वही उघडली. जागेवर नसलेल्या माणसाच्या जागी सही करण्याची कचेरीत सोय असते. मी लिहिलं: ‘प्रॉपेलर तपासला, निर्दोष.’ खाली सही केली, आणि सहीखाली लिहिलं: ‘फिटरकरिता, सचिव.’ वीस वर्षांच्या कारकुनीत मी हजारो कागदांवर असं ‘करिता’ लिहिलं आहे. कोणी कधी मेलं नव्हतं.

दुपारी सोनबा निलंबनाची नोटीस घ्यायला आला. त्याने वही चाळली. सही वाचली. ओरडेल असं वाटलं होतं, पण तो खुर्ची ओढून बसला.

“सही झ्याक हाय, भाऊसाहेब.”

मी टेबलावरचा शिक्का सरळ करून ठेवला.

“हवाई दलात आमची येक रीत व्हती. प्रॉपेलरवर ज्याची सही, त्यो पयल्या फेरीला पायलटच्या संगं बसनार. सायेब असू द्या न्हायतर शिपाई. मागं येक सीट हाय ह्या इमानाला.” त्याने वही माझ्याकडे सरकवली. “तुमी माज्याकरिता सही केली. आता माज्याकरिता बसा बी.”

तोळाभर रंग आणि दोन मणांची ओढ हा हिशोब मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला. ठराव क्रमांक चौदा डोळ्यांपुढं आला, उपसमितीचा दाखला आला, आणि टेबलावरून चालत निघालेला शिक्काही आला. तोवर ही सगळी पाती दुसऱ्याच्या डोक्यावर फिरणार आहेत, अशीच माझी समजूत होती.

“सोनबा,” मी म्हणालो, “काहीतरी मार्ग काढ बाबा.”

त्याने जरा विचार केला. मला आता वाटतं, विचार त्याचा आधीच झाला होता.

“चार हजार मानूस काय बघाया येनार हाय?”

“नावं.”

“इंजिन लावल्यावर दिसत्याल?”

मी कागद ओढला. त्या दुपारी मी लिहिलेला ठराव क्रमांक एकतीस हे माझ्या नोकरीतलं सर्वोत्तम लेखन आहे. ‘प्रॉपेलर हा संस्थेचा मानबिंदू असून तो सर्व सभासदांस सर्वकाळ वाचता यावा, यास्तव तो कोणत्याही कारणास्तव फिरवण्यात येऊ नये.’ आबांनी वाचला आणि सही केली. तात्यांनी वाचला आणि त्याच पेनाने सही केली. संस्थेचा हा पहिला एकमताने झालेला ठराव. पुढं सोनबाच्या सांगण्यावरून मी आणखी एक ओळ घातली होती, की कार्यक्रमानंतर सदर प्रॉपेलर विमानावरून उतरवून बिरोबाच्या सभामंडपात कायमस्वरूपी लावण्यात यावा. तीही मंजूर झाली.

उद्घाटन थाटात झालं. पाहुण्यांनी पडदा सरकवला, चौसष्ट अधिक चौसष्ट अक्षरं उघडी पडली, टाळ्या झाल्या. सिद्धू गळ्यात हार घालून बंद विमानात बसून हात हलवत होता. साखरबाई मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. भाषणं संपून इंजिन सुरू न होताच माणसं उठली, तेव्हा ती रडली. विमान उडलं नाही, ही बाब पाहुण्यांसकट कोणाच्याही लक्षात आली नाही.

मग प्रॉपेलर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, गजीढोल लावून देवळात नेला. उभा लावला तर कोणीतरी खाली जाणार, म्हणून आडवा लावला. तेव्हा आत शिरताना उजव्या हाताला कोण, हा प्रश्न निघाला. दुसऱ्या भिंतीला दार पाडून तो सोडवला. आबांचे लोक एका दाराने येतात, तात्यांचे दुसऱ्या.

इकडे सोनबाने गोदामातलं लांब खोकं उघडलं. ‘पंखा, मोठा, जुना, नग एक.’ निलंबनाची नोटीस मी फाडली होती. खरं तर महिनाभर, मंडळ अक्षरं मोजत होतं तेव्हा, तो रोज या जुन्या प्रॉपेलरवर काम करत होता. कडेचे तीन टवके त्याने कानशीने लांबवर ओढून बुजवले होते, बारीक पॉलिशपेपर मारला होता, दोन्ही पाती सुऱ्यांवर धरून जोखली होती. आता मला बोलावून त्याने प्रॉपेलर सुऱ्यांवर ठेवला. आडवा ठेवला, आडवा राहिला. तिरका ठेवला, तिरका राहिला. उभा ठेवला, उभा राहिला. त्यावर कोणाचंही नाव नव्हतं. मी भिंतीवरची ठरावाची प्रत काढून खिशात घातली.

त्याने बोल्ट आवळले, तारेने बांधले, वहीत स्वतः सही केली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. विमान माळावरून उठलं, कन्हेरीच्या वरून वळलं आणि उसाच्या शेंड्यांलगत येऊन पांढरा फवारा सोडत गेलं. आवाज एकसारखा होता. माझा शिक्का टेबलावर जागच्या जागी होता. मी खिडकीत उभा होतो, मला आनंद झाला आणि लाज वाटली, दोन्ही एकदम. अकरा दिवस रोज सकाळी त्यांनी फवारणी केली. बघायला कोणी आलं नाही, कारण बघण्यासारखं सगळं देवळात होतं. बांधावर फक्त साखरबाई असायची, पदर तोंडाला लावून, मान वर करून.

पायरीला हटला. वार्षिक अहवालात मी काय लिहिणार? जुना पंखा रजिस्टरप्रमाणे अद्याप गोदामात खोक्यात आहे, आणि नव्याला फिरायला बंदी आहे, म्हणजे फवारणी झालेलीच नाही. अहवालात असं छापलं: ‘मा. आबा व मा. तात्या यांच्या नावाचा प्रॉपेलर सभामंडपात बसवल्यापासून किडीचा प्रादुर्भाव आटोक्यात आला.’ सर्वसाधारण सभेने अभिनंदनाचा ठराव केला. सोनबा मागच्या रांगेत बसला होता. तो टाळ्या वाजवत होता की हातावरचं ग्रीस पुसत होता, ते मला नीट दिसलं नाही.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण त्या चैत्रात देवळातल्या इतर पंख्यांच्या देणगीदारांच्या वारसांनी अर्ज दिला. आबा-तात्यांचा पंखा फिरत नाही म्हणून त्यांची नावं सगळ्यांना वाचता येतात, आमच्या वाडवडिलांनी काय पाप केलं? अर्ज बिनतोड होता. तेव्हापासून सभामंडपात माणसं जमली की सातही पंखे बंद करतात. भर उन्हाळ्यात शे-दीडशे माणूस पत्रिकांनी वारा घेत, घामाने निथळत, माना वर करून वाचत बसलेला असतो. मीही असतो. तिसऱ्या पंख्यावर माझे वडील आहेत.

आणि तुम्ही हे वाचून एवढे हसू नका. गेल्या आठवड्यात मी तुमच्याही वडिलांचं पातं बघून आलो. पाचवा पंखा, दाराकडचं पातं. तुम्हाला काळजी होती ना, बिरदेवने आडनावातली वेलांटी ऱ्हस्व काढली की दीर्घ? दीर्घ आहे, व्यवस्थित वाचता येते. पंखा बंदच आहे.